अभिमान आणि सातबारा

वाचकहो, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नामवंतांची यादी करावयास बसले की दया पवार हे नाव निघतेच, आणि ते रास्तच आहे. अकोले तालुक्यातील धामणगावच्या महारवाड्यातून आलेल्या या लेखकाचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले. 1990 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सत्काराच्या भाषणांत पद्मश्रीचा उल्लेख होतो, बलुत्याचा अर्थ मात्र गाळला जातो. यास काय म्हणावे?

बलुते म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळणारा दाण्यांचा वाटा. महार वतन म्हणजे त्या वेठीला घातलेले कायद्याचे कुलूप. ते मोडण्यासाठी पूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले. पुढे ते त्यांना मागे घ्यावे लागले. वतने नाहीशी करणारा कायदा झाला 1958 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्याच्या पाचव्या कलमाने वतनाची जमीन वतनदारालाच परत द्यावयाची ठरली आणि जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून ती दुसऱ्याच्या नावे करू नये, अशी अट घातली गेली. अट कागदावर राहिली आणि जमीन परहस्ते गेली, अशी कैफियत घेऊन येणारा पक्षकार आम्हा वकिलांना नवा नाही.

दया पवारांचा ज्यांना खरोखर अभिमान आहे त्यांनी पुढील सभेपूर्वी आपापल्या गावच्या वतनी जमिनींचे सातबारे व फेरफार काढावेत. कोणाचे नाव कोणत्या आदेशाने लागले ते पाहावे. आदेश आढळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. या अर्जांची फी आमच्या वकीलबंधूंनी घेऊ नये.