वाढदिवसाची जयंती

वाढदिवस साजरा करायला खुर्ची पुरते. जयंती मात्र खुर्ची सुटल्यावर, माणूस गेल्यावर आणि तेही लोकांची इच्छा असली तरच मिळते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत नव्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीला फुकट प्रवेश मिळणार नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या वाढदिवसाला मिळेल. गुलामीच्या अंताची आठवण म्हणून पाळला जाणारा १९ जूनचा ‘जूनटीन्थ’ही यादीतून गेला आणि त्याच्या पाच दिवस आधीचा १४ जून आत आला. या तारखेपुढे सरकारी यादीत ‘ध्वजदिन/अध्यक्ष ट्रम्प यांचा वाढदिवस’ अशी नोंद आहे. १४ जून हा अमेरिकेचा ध्वजदिन आहेच. १७७७ साली याच दिवशी त्या देशाने आपला तारे-पट्ट्यांचा ध्वज स्वीकारला. मग नुसते ‘ध्वजदिन’ लिहून भागले नसते काय? नसते. ध्वज अडीचशे वर्षे फडकतोच आहे, त्याला कौतुकाची भूक नाही. ज्याला आहे त्याचे नाव तिरक्या रेघेच्या पलीकडे लिहिलेले आहे. आणि या यादीला तेथील सरकारने नाव दिले आहे ‘देशभक्तीचे दिवस’. देशाची भक्ती आणि देशप्रमुखाची भक्ती यांत फरक असतो, हे सांगणारा त्या कचेरीत कोणी उरलेला दिसत नाही.

मराठी भाषा या बाबतीत शहाणी आहे. तिने दोन शब्द वेगळे ठेवले. जिवंत माणसाचा असतो तो वाढदिवस. त्याला केक, हार, तुरे, आणि पदावर असेल तर चौकाचौकात फलक. गेलेल्या माणसाची ती जयंती. ती साजरी करणाऱ्यांना त्या माणसाकडून मिळण्यासारखे काही उरलेले नसते. ना तिकीट, ना कंत्राट, ना बदली. म्हणूनच तिला मोल असते. पदावरच्या माणसाचा वाढदिवस राष्ट्रीय सणांच्या पंगतीला बसवणे म्हणजे वाढदिवसालाच जयंती म्हणून खपवणे. या निर्णयातील आक्षेपार्ह भाग हा आहे. उद्यानाच्या दारावर वाचणारे चार डॉलर हा नव्हे.

याच यादीत १६ फेब्रुवारीचा ‘प्रेसिडेंट्स डे’ही नव्याने आला आहे, हा आणखी एक विनोद. कारण त्या सुट्टीचा अर्थ ध्यानात घेतला असता तर १४ जूनपुढे ती ओळ लिहिताना हात थरथरला असता. ही सुट्टी मुळात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसाची, २२ फेब्रुवारीची. वॉशिंग्टन अध्यक्षपदी असताना त्यांचा वाढदिवस नाचगाण्याने साजरा होतच असे आणि तेव्हाही तो अनेकांना खुपत असे. राजेशाही झुगारून दिली आणि आता राजाचा वाढदिवस कशाला, हा त्यांचा सवाल. १७९६ साली अध्यक्षांना शुभेच्छा देण्यासाठी प्रतिनिधिगृह अर्धा तास तहकूब करावे, असा ठराव आला. सभागृहाने तो फेटाळला. ज्याने स्वातंत्र्ययुद्ध जिंकून दिले त्या माणसासाठी अर्धा तास द्यायला ते सभागृह तयार नव्हते! आज त्याच सभागृहात एका सदस्येने १४ जून हा दिवस ट्रम्प यांच्या नावासह देशाची अधिकृत सुट्टी करावी, असे विधेयक मांडून ठेवले आहे. अर्ध्या तासापासून अख्ख्या दिवसापर्यंत झालेली ही प्रगती.

वॉशिंग्टन १७९९ साली गेले. त्यांच्या जन्मदिवसाची सरकारी सुट्टी राजधानीत सुरू झाली १८७९ साली, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल ८० वर्षांनी. तोवर त्यांना ओळखणारे, त्यांच्याकडून उपकृत झालेले सारे मातीआड गेले होते. जयंती म्हणतात ती अशी असते. पुढे अमेरिकेने तिचेही मातेरे केले, हे खरे. १९६८ सालच्या कायद्याने काही सुट्ट्या सोमवारी सरकवल्या आणि १९७१ पासून वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी पाळला जाऊ लागला. आता गंमत पाहा. तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांच्या बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस कायद्यानेच त्यांच्या जन्माच्या तारखेला कधीही येणार नाही अशी सोय झाली. आपल्याकडे शिवजयंती तिथीने की तारखेने यावर डोकी फुटतात. अमेरिकेने तिथी सोडली, तारीख सोडली आणि वार धरला. लागून सुट्टी मिळाली की झाले. कायद्यात आजही नाव ‘वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस’ असेच आहे. ‘प्रेसिडेंट्स डे’ हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव आणि ते बसवण्यात गाद्या व मोटारींच्या सेलच्या जाहिरातींचा हातभार मोठा.

तरीही त्या सुट्टीच्या तळाशी एक अर्थ शिल्लक आहे. वॉशिंग्टन थोर ठरले ते त्यांनी खुर्ची कशी मिळवली यामुळे नव्हे, ती कशी सोडली यामुळे. १७८३ साली ॲनापोलिस येथे त्यांनी सेनापतिपद काँग्रेसच्या स्वाधीन केले आणि ते शेतीवर निघून गेले. हाती जिंकलेले सैन्य होते, समोर दुबळे सरकार होते. मनात आणते तर कोण अडवणार होते? दोनदा अध्यक्ष झाल्यावर तिसऱ्यांदा ते उभे राहिले नाहीत. निरोपाच्या पत्रात त्यांनी पक्षद्वेषाच्या आहारी गेलेला देश अखेर एका माणसाच्या अमर्याद सत्तेत आसरा शोधू लागतो, असे बजावून ठेवले. हे पत्र अमेरिकी सिनेटमध्ये एकोणिसाव्या शतकापासून दर फेब्रुवारीत एक सदस्य उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. वॉशिंग्टन संत नव्हते. त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत आणि ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक जयंतीला सांगितली गेलीच पाहिजे. पण खुर्ची सोडण्याचा धडा त्यांचाच. राष्ट्रप्रमुखांच्या नावाने सुट्टी द्यायचीच, तर ती खुर्चीवरून उतरता आलेल्यांसाठी. आज त्यांचा वारस म्हणवणाऱ्याच्या दुकानात ‘ट्रम्प २०२८’ अशा टोप्या विकल्या जातात. तिसऱ्या खेपेला घटनेची बंदी असताना. उद्यानांच्या २०२६ च्या वार्षिक पासावर तर वॉशिंग्टन आणि ट्रम्प शेजारी शेजारी छापले आहेत. १७९२ साली नाण्यांवर अध्यक्षांचा मुखवटा असावा असा प्रस्ताव आला, तेव्हा काँग्रेसने तो बाजूला सारून तेथे स्वातंत्र्यदेवता बसवली होती. राजाचा चेहरा नाण्यावर असतो, प्रजासत्ताकाचा नसतो, इतके साधे ते गणित होते.

आणि काढले कोणाला? तर अमेरिकेत एकही निवडणूक न लढवता, एकही पद न भोगता ज्याच्या नावाने देशभर सुट्टी मिळते त्या किंग यांना. ही सुट्टी सहज मिळाली नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे किंग यांची हत्या झाली. चारच दिवसांत जॉन कॉन्यर्स यांनी सुट्टीचे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला १५ वर्षे लागली. १९७९ साली प्रतिनिधिगृहात ते पाच मतांनी पडले. कोरेटा किंग गावोगाव फिरल्या, स्टीव्ही वंडरने त्यासाठी गाणे केले, सुमारे ६० लाख सह्या गोळा झाल्या. सिनेटमध्ये जेसी हेल्म्स यांनी किंग यांच्यावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा चिखल उडवून पाहिला. अखेर १९८३ साली रोनाल्ड रेगन यांनी, मनाविरुद्धच, सही केली आणि १९८६ पासून सुट्टी सुरू झाली. काही राज्यांनी तर पुढेही वर्षानुवर्षे नाक मुरडले. लोकांनी भांडून, हरून, पुन्हा भांडून मिळवलेली ही जयंती. तिच्यासमोर ठेवला आहे एका कचेरीने एका ओळीत लिहिलेला वाढदिवस. याच किंग यांनी १९५९ साली भारतात आल्यावर मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात मुक्काम केला होता. गांधी जिथे राहत तिथे राहावे म्हणून. मोठी माणसे मोठ्यांच्या घरी जातात. लहान माणसे मोठ्यांच्या पाट्या उतरवतात.

समर्थक म्हणतात, फुकट दिवस तर वाढले, सहाचे दहा झाले. झाले खरे. पण तेही केवळ अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. बाहेरून येणाऱ्यांसाठी योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोनसह ११ उद्यानांत नव्या वर्षापासून माणशी १०० डॉलर जादा. पुण्या-नाशकातून लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आई-बाबांना जावयाने ग्रँड कॅन्यन दाखवायचे ठरवले तर दोघांचे २०० डॉलर वर. देशभक्तीचा खर्च पाहुण्यांच्या खिशातून, ही रीत आतिथ्याच्या कोणत्या पोथीत बसते?

वाचकांपैकी काही म्हणतील, दूरच्या देशातले हे रडगाणे आम्हाला कशाला? म्हणून जरा इकडे वळू. १८ डिसेंबरला दोन गोष्टी घडल्या. वॉशिंग्टनमध्ये केनेडी केंद्राच्या विश्वस्त मंडळाने त्या वास्तूला ट्रम्प यांचे नाव जोडले. जॉन केनेडी यांच्या हत्येनंतर १९६४ साली खास कायदा करून ते केंद्र त्यांचे स्मारक ठरवले गेले होते. नवे नाव जोडणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष कोण? ट्रम्प. आणि त्याच दिवशी दिल्लीत लोकसभेने रोजगार हमीचे नवे विधेयक मंजूर केले. त्याच्या लांबलचक नावात महात्मा गांधी नाहीत. ही योजना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, सत्तरच्या दशकातील दुष्काळात तिने माणसे जगवली आणि त्याच पायावर पुढे देशाचा कायदा उभा राहिला. २००९ साली त्याला गांधींचे नाव दिले ते काँग्रेसने, त्यातही राजकारण होते. पण दिलेले नाव काढायला जे लागते ते राजकारणाहून हलके असते. आता गांधी उरले नोटेवर आणि २ ऑक्टोबरच्या सुट्टीत. त्या सुट्टीचीही आपण काय किंमत ठेवली आहे? दारूची दुकाने बंद, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांच्यासमोर रांग.

जिवंतपणीच जयंती उरकण्याच्या आपल्या खटपटीही कमी नाहीत. पंडित नेहरू पंतप्रधान असताना १९५५ साली भारतरत्न झाले. इंदिरा गांधीही १९७१ साली पंतप्रधानपदी असतानाच. २०२१ साली मोटेराच्या क्रिकेट मैदानाला पदावरील पंतप्रधानांचे नाव मिळाले. करोनाची लस घेतली त्याच्या प्रमाणपत्रावर छायाचित्र होते पंतप्रधानांचे. १७ सप्टेंबरचा त्यांचा वाढदिवस आला की सरकारी यंत्रणेला सेवेचा उमाळा येतो आणि तो पंधरवडाभर टिकतो. आणि महाराष्ट्रात? गल्लीतल्या ‘भाऊं’चा वाढदिवस म्हणजे अर्धे शहर फलकांखाली. उच्च न्यायालय वर्षानुवर्षे बेकायदा फलकांवरून कान उपटते आणि भाऊ पुढच्या वाढदिवसाला फलक मोठा करतात. अमेरिकेचे अध्यक्ष आज जे करताहेत ते आपल्या प्रभागातील कोणत्याही इच्छुकाला नवे वाटणार नाही. फरक आकाराचा. चौकाऐवजी देश आणि फलकाऐवजी कॅलेंडर.

म्हणून पुन्हा तेच. नेत्याचा दिवस नेत्याने ठरवायचा नसतो, त्याच्या कचेरीने तर नाहीच. तो मागून येणाऱ्यांनी द्यायचा आणि त्यांना तो नाकारताही आला पाहिजे. नाकारण्याची सोय नसलेला मान हा मान नसतो, ती हजेरी असते. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करायला लाखो माणसे येतात. कोणी आदेश काढत नाही, कोणी यादी जाहीर करत नाही, येणाऱ्यांच्या हाती पुस्तके असतात आणि परतताना ती वाढलेली असतात. अटलांटा येथे किंग यांचे जन्मस्थान आहे. तेही राष्ट्रीय उद्यान सेवेच्याच ताब्यात आहे आणि तिथे प्रवेशशुल्क मुळातच नाही. येत्या १९ जानेवारीला तिथे लोक जातीलच. त्यासाठी त्यांना कोणाच्या वाढदिवसाची वाट पाहावी लागणार नाही.