जिंकल्यानंतरचा हंगाम

पावसाळा सरला, दिवाळीचा फराळ संपला, की कोल्हापूरच्या पेठापेठांतून एकच विषय सुरू होतो. कोणत्या तालमीने कोणाला घेतले, कोण कोणाला सोडून गेला, कोणाचा गोलरक्षक गुडघा धरून बसला आहे आणि कोणाच्या आघाडीच्या खेळाडूला दुसऱ्या पेठेतून काय आमिष आले आहे, याची चर्चा चहाच्या गाडीपासून वकिलांच्या बैठकीपर्यंत सर्वत्र चालते. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या दप्तरी खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस म्हणजे या शहरातील एक लहानसा सणच होय. यंदाच्या या चर्चेत गेल्या हंगामात यशाचे शिखर गाठलेल्या तालमीचे नाव अर्थातच सर्वांच्या ओठी आहे. ते नाव आम्ही येथे घेत नाही. एक तर ते शहरातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दुसरे असे की एका पेठेचे नाव अग्रलेखात छापले म्हणजे उरलेल्या पेठांतील वाचकांची पत्रे वाचण्यात आमचा आठवडा जातो, हा अनुभव गाठीशी आहे. आणि खरे कारण तिसरेच आहे. आम्हांला जे सांगावयाचे आहे ते पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी तरुण, बालगोपाल, दिलबहार, फुलेवाडी, संध्यामठ यांपैकी जो संघ यापूर्वी जिंकला आणि जो यापुढे जिंकेल, त्या प्रत्येकास लागू आहे.

हरलेल्या संघाला काय करावे हे सांगण्यास शंभर माणसे पुढे येतात. जिंकलेल्या संघाला मात्र कोणी काही सांगत नाही. त्याला फक्त हार घालतात, गुलाल उधळतात आणि खांद्यावर घेतात. म्हणून त्याला चार शब्द ऐकविण्याचे अप्रिय काम वृत्तपत्राने पत्करावे, असे आमचे मत आहे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्याचे काम केले. वार्षिक परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी पुढच्या इयत्तेत सहामाहीला घसरल्याची उदाहरणे त्या काळात इतकी पाहिली की त्यांचे आश्चर्य वाटेनासे झाले. तो मुलगा आळशी झालेला नसे. तो मागल्या वर्षीच्या अभ्यासाच्या पद्धतीनेच पुढल्या वर्षीचा अभ्यास करीत असे, एवढाच त्याचा अपराध. इयत्ता बदलली आहे ही गोष्ट त्याच्या ध्यानात येण्यापूर्वीच सहामाही येऊन गेलेली असे.

फुटबॉलच्या इतिहासात अशा घसरगुंडीचे दाखले थोडे नाहीत. इंग्लंडमधील मँचेस्टर सिटी हा संघ 1936-37 च्या हंगामात लीगचा विजेता ठरला आणि पुढच्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला. गंमत अशी की त्या वर्षी त्या श्रेणीत सर्वांत अधिक गोल त्यांनीच केले होते. गोल करण्याची कला ते विसरले नव्हते, गोल अडविण्याकडे मात्र कोणाचे लक्ष राहिले नव्हते. अगदी अलीकडे लेस्टर सिटीने 2015-16 मध्ये सगळ्या जगाला तोंडात बोट घालावयास लावणारा विजय मिळविला; त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच फेब्रुवारी 2017 मध्ये त्या विजयाचे शिल्पकार प्रशिक्षक रानिएरी यांना निरोप देण्यात आला. आपल्या देशाकडे पाहावे तर मोहन बागानची कथा सर्वांस परिचित आहे. 29 जुलै 1911 रोजी एक खेळाडू सोडून बाकी सारे अनवाणी असलेल्या त्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही: ती शील्ड पुन्हा हाती येण्यास त्यांना 1947 साल उजाडावे लागले. मधली 36 वर्षे तो संघ टिकून राहिला, आणि आमच्या दृष्टीने 1911 च्या विजयाइतकेच मोल या टिकून राहण्याचे आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे. महिंद्र युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, त्यापूर्वी दोनदा फेडरेशन चषक जिंकला आणि 2010 मध्ये तो संघ कायमचा बंद झाला. मैदानावर कोणी त्याला मोडले नाही. तो ज्यांच्या पैशांवर उभा होता त्यांनी आपला निर्णय घेतला, इतकेच. गोव्याच्या धेंपो संघाने 2004-05 ते 2011-12 या अवधीत राष्ट्रीय पातळीवरील अजिंक्यपद पाच वेळा पटकाविले. महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक अशी घरची माणसे आणि त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स असा तो संघ होता. 2014-15 मध्ये तोच संघ खालच्या श्रेणीत गेला, पुढच्या वर्षी परत वर आला आणि 2016 मध्ये राष्ट्रीय लीगच्या फेररचनेचा निषेध म्हणून साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह त्याने त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. परंतु धेंपोच्या मागे गोव्यातील पोरे घडविण्याची व्यवस्था होती. म्हणून तो संघ नाहीसा झाला नाही आणि 2024-25 मध्ये आय-लीगच्या मैदानावर पुन्हा उतरू शकला. या दोन कहाण्या प्रत्येक तालमीच्या कार्यकर्त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

कोल्हापूरचा फुटबॉल हा मुंबईच्या उद्योगगृहांचा नाही आणि कोणा एका मालकाचाही नाही. तो तालमींचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभारले, त्या परंपरेतून पेठापेठांत तालमी रुजल्या. लाल मातीत अंग घुसळणाऱ्या पोरांच्या पुढच्या पिढ्यांनी चेंडू पायाशी घेतला तो त्याच तालमींच्या नावाने. या तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात याच तालमी-मंडळांची पोरे कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. आमच्या शहरातील अकरा खेळाडूंचा संघ हा एका वस्तीच्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. बाहेरगावच्या पाहुण्यास हे समजावून सांगताना आमची नेहमी तारांबळ उडते. तो विचारतो, हा क्लब कोणाचा? आणि त्याचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत नाही.

हे सारे खरे असले तरी त्यातच धोक्याचे मूळही आहे. वस्तीची अब्रू खेळाशी बांधली गेली की जिंकणे हे सुखाचे न राहता सक्तीचे होते. गेल्या हंगामात बरोबरीचा सामना पाहून घरी परतणारा शौकीन समाधानी असे. विजेतेपदानंतरच्या हंगामात तीच बरोबरी त्याला पराभव वाटू लागते. मग कट्ट्यावरून प्रशिक्षकाला शिव्या, पंचांच्या अंगावर बाटल्या, आणि सामना संपल्यावर रस्त्यात दगड. शाहू स्टेडियमवरील हुल्लडबाजीने सामने थांबविण्याची पाळी या शहरावर एकदा नव्हे, अनेकदा आली आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. आमच्या परिचयातील एक गृहस्थ उभा जन्म फुटबॉल पाहण्यात घालवून आता मैदानात पाऊल टाकीत नाहीत. विचारले तर म्हणतात, ‘‘नातवाला घेऊन यायचं कसं तेवढं सांगा, मग येतो.’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर पोलीस बंदोबस्त हे नव्हे. बंदोबस्त सामन्यापुरता असतो. तालमीच्या वडीलधाऱ्यांचा शब्द वर्षभर असतो, आणि विजेत्या तालमीतील वडीलधाऱ्यांच्या शब्दाला यंदा सर्वांत अधिक वजन आहे. जिंकलेल्यांनीच आपल्या कट्ट्यावरील जीभ आवरली तर हरलेल्यांना निमित्त उरत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ती बोलण्यास अवघड आहे, म्हणूनच बोलली पाहिजे. पूर्वी तालमीचा खेळाडू म्हणजे त्याच गल्लीतला पोरगा असे. संध्याकाळी दुकान बंद करून किंवा कारखान्यातील पाळी संपवून तो सरावाला येई आणि त्याच्या बुटांसाठी पेठेत वर्गणी जमे. आज परगावचे, परप्रांतांतील, इतकेच नव्हे तर आफ्रिकेतील खेळाडूही कोल्हापूरच्या मैदानावर दिसतात. आम्ही त्यांच्या येण्याविरुद्ध नाही. चांगल्या खेळाडूशेजारी खेळून आपला पोरगा चार गोष्टी शिकतो, शौकिनांस देखणा खेळ पाहावयास मिळतो, आणि दूर देशाहून आलेल्या त्या तरुणास कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या पंक्तीला घरच्यासारखे बसवितात, हा तर आमच्या गावाचा गुणच आहे. तथापि विजेतेपद टिकविण्याच्या घाईत तालीम जेव्हा आपली सारी पुंजी तीनचार तयार खेळाडूंवर ओतते, तेव्हा ती काय विकत घेते आणि काय विकून टाकते, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. तयार खेळाडू हंगाम संपला की जातो. त्याच्या जागेसाठी ज्या सतरा वर्षांच्या पोराने दोन वर्षे राखीव बाकावर काढली, तो पोरगाही कंटाळून जातो, आणि तो मात्र परत येत नाही. शिवाय हा पैसा येतो कोठून? बहुतेक वेळा तो एखाद्या हौशी दात्याच्या किंवा पुढाऱ्याच्या खिशातून येतो. निवडणूक सरली, की खिशाचे तोंड किती उघडे राहील हे कोण सांगणार? महिंद्रसारख्या भक्कम उद्योगगृहाने जेथे हात आवरता घेतला, तेथे एका व्यक्तीच्या मर्जीवर पेठेची परंपरा टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

पोरे घडविता येतात, याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी पडलेली गाठ आपल्या मुलांना झेपली नाही. परंतु त्या दिवसांत दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या कोल्हापूरच्या घराघरांतून जो आनंद आम्ही पाहिला तो एखाद्या चषकाच्या मिरवणुकीहून कमी नव्हता. यातली बोचणारी बाजू अशी की हा मुलगा घडला तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत. बी कोल्हापूरच्या मातीतले, मशागत दुसरीकडची! फुटबॉलवर इतका जीव टाकणाऱ्या शहरात बारातेरा वर्षांच्या मुलाला वर्षभर रीतसर शिकविणारी, त्याच्या आहाराकडे व शाळेकडेही पाहणारी व्यवस्था किती तालमींनी उभी केली आहे? एफ. सी. कोल्हापूर सिटी या नावाने येथील महिलांचा संघ राष्ट्रीय महिला लीगमध्ये उतरला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मग पेठेतील मुलीसाठी तालमीच्या दारात चेंडू ठेवलेला असतो काय, हेही विचारलेच पाहिजे.

विजेत्या तालमीकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. बाहेरून आणावयाच्या खेळाडूंपैकी यंदा एक कमी आणावा आणि त्याचे पैसे मुलांच्या प्रशिक्षकाच्या वर्षभराच्या पगारासाठी वेगळे काढावेत. पगारासाठी म्हणतो, मानधनासाठी नव्हे. शिकविणाऱ्या माणसाला नारळ आणि शाल देऊन बोळवण करण्याची आपल्याकडील चाल आम्ही स्वतः मास्तरकी करताना पुरेशी अनुभवली आहे. दुसरे, मोठ्या संघातील जागांपैकी निदान दोन जागा आपल्या पेठेतील वीस वर्षांखालील पोरांसाठी राखाव्यात, आणि त्या पोरांनी चुका केल्या तरी त्या राखलेल्याच असाव्यात. यात एखाददुसरा सामना जाईल. विजेतेपदही जाईल कदाचित. ते जाण्याची जोखीम उचलण्याची ऐपत आज शहरात कोणाची असेल तर ती नुकतेच जिंकलेल्यांचीच आहे. ज्यांच्यावर खालच्या गटात जाण्याची टांगती तलवार आहे त्यांना असला उपदेश करणे क्रूरपणाचे होईल.

असोसिएशनच्याही पदरी काही जबाबदारी येते. सोळा वरिष्ठ संघांची लीग, तिच्यामागून बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा, आणि एवढा सारा भार मुख्यतः एका शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर! मार्च-एप्रिलच्या उन्हात त्या मैदानाची जी दशा होते ती पाहून खेळाडूंच्या घोट्यांची काळजी वाटते. मुलांच्या वयोगटांचे सामने तर कोठेतरी सकाळी, चारदोन पालकांच्या साक्षीने उरकले जातात. त्यांतील काही सामने वरिष्ठ संघांच्या सामन्याआधी, त्याच मैदानावर, भरत आलेल्या कट्ट्यांसमोर घेता येणार नाहीत काय? हिरवळीवर थोडा ताण वाढेल हे खरे. पण लहान मुले मैदानात खेळत असताना तोंडातून शिवी काढण्यास माणूस जरा तरी अडखळतो, असा आमचा अंदाज आहे.

लीगचा पहिला सामना लवकरच होईल. आम्ही त्या दिवशी कार्यालयातील काम लवकर आटोपून मैदानावर जाणार आहोत, आणि वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना त्यांच्या नातवासह बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.