डीआयडीचे आकडे उजवीकडून मोजा

बाहेरून फिरवलेला नंबर थेट एक्स्टेंशनवर वाजायचा (हेच डीआयडी), तर ऑफिसच्या ईपीएबीएक्सला आधी एवढे कळले पाहिजे की एक्स्चेंजकडून किती आकडे येतात. जयपूरच्या झोटवाडा भागातल्या ऑफिसचा लँडलाइन नंबर 0141 सोडून सात आकडी. शंभर नंबरांच्या ब्लॉकमध्ये पहिले पाच आकडे कायम, शेवटचे दोन 00 ते 99. ट्रंकवर मात्र टेलिफोन कंपनी कधी चारच आकडे देते, कधी सात, कधी 91 आणि 141 धरून बारा.

मुंबईच्या मुख्य कचेरीतले प्रोग्रॅमिंग जसेच्या तसे जयपूरला चढवले की घोळ होतो. मुंबईत 022 नंतर आठ आकडे. पहिले सहा गाळा, उरलेल्या दोहोंपुढे 2 लावा, हा नियम तिथे 200 ते 299 ही एक्स्टेंशन बिनचूक वाजवतो. झोटवाड्यात सातातले सहा गेले की एकच आकडा हाती राहतो. 47 वर संपणाऱ्या नंबरचा कॉल 247 ऐवजी 27 शोधतो, तो सापडत नाही आणि कॉल ऑपरेटरकडे पडतो. ऑपरेटर तो निमूटपणे जोडून देतो. म्हणून तक्रार येत नाही, आणि थेट नंबरांचे भाडे भरूनही सगळे कॉल ऑपरेटरच्याच हातून जात राहतात. उजवीकडचे दोन आकडे उचलणारा नियम दोन्ही शहरांत चालतो.

एसआयपी ट्रंकचे दुखणे निराळे. काही कंपन्या कॉलच्या इन्व्हाइट संदेशाच्या पहिल्या ओळीत पायलट, म्हणजे ऑफिसचा मुख्य नंबर देतात, फिरवलेला नंबर ‘टू’ हेडरमध्ये असतो. सिस्टिम पहिलीच ओळ वाचत असेल, तर शंभरच्या शंभर नंबर पायलटवर वाजतात. पीआरआयवर ही भानगड नाही. तिथली अडचण वेगळी: चॅनेल तीसच, त्यामुळे एकतिसाव्या कॉलरला आपले एक्स्टेंशन मोकळे असूनही एंगेज टोन मिळतो.

आकडे किती आणि कुठल्या हेडरमध्ये, हे कनेक्शनच्या कागदावर छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? ब्लॉकची सुरुवात, शेवट आणि बिलाचा पत्ता लिहून मिळतो. ज्यावर सगळे राउटिंग उभे, तेवढेच फोनवर तोंडी सांगितले जाते, तेही लाइनमन सांगेल तसे. ही पद्धत बंद झालीच पाहिजे.

6 फेब्रुवारी 2025 च्या शिफारशींत दूरसंचार नियामक ट्रायने लँडलाइनवरून लँडलाइनला गावातल्या गावातही 0 आणि एसटीडी कोड लावूनच फिरवावे, असे सुचवले आहे. याचा पहिला फटका आउटगोइंग टेबलला. इनकमिंगला धोका वेगळ्या बाजूने आहे: डायलिंग बदलताना कंपनीने चारऐवजी पूर्ण आकडे पाठवायला सुरुवात केली, तर डावीकडून गाळणारे सगळे नियम एका रात्रीत निकामी होतील. कॉलरच्या नंबरापुढे 0141 येऊ लागले, तर त्या नंबरावरून कॉल वेगळा वळवणारे नियमही चुकतील.

इन्स्टॉलरांनी हा बदल होईपर्यंत वाट पाहू नये. कंपनीकडून आकड्यांची संख्या ईमेलवर मागून घ्यावी. जुळणी न झालेले कॉल चाचणीपुरते ऑपरेटरऐवजी एखाद्या रिकाम्या एक्स्टेंशनवर वळवावेत, म्हणजे चूक झाकली जाणार नाही. मग ब्लॉकचा पहिला, मधला आणि शेवटचा नंबर एकदा मोबाइलवरून, एकदा लँडलाइनवरून फिरवावा, ट्रेसमध्ये आलेले आकडे तारखेसह लिहावेत आणि तो कागद एमडीएफच्या (ऑफिसच्या सगळ्या तारा जिथे जोडतात त्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवावा.