धुराचे वय

लोखंड आणि ऑक्सिजन यांचे नाते भिलाईला चांगले परिचित आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील खनिजातला ऑक्सिजन अशा भट्टीत काढून घेतला जातो आणि लोखंड उरते. तेच लोखंड उघड्यावर पडले, की हवेतील ऑक्सिजन त्याला पुन्हा गाठतो. त्यावर गंज चढतो. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात.

गंज डोळ्यांना दिसतो. धुराचे ऑक्सिडीकरण दिसत नाही. चुली, कोळशाच्या शेगड्या, वाहने आणि जळणारा पेंढा यांतून कार्बनी पदार्थांचे अतिसूक्ष्म कण व वायू हवेत मिसळतात. सूर्यप्रकाशात ओझोन आणि पाण्याची वाफ यांपासून हायड्रॉक्सिल हा अत्यंत क्रियाशील घटक तयार होतो. त्याच्या प्रभावाने या पदार्थांना ऑक्सिजन जोडला जातो. काही वायूंपासून तर हवेतच नवे कण घडतात. जुना झालेला धूर ताज्या धुरापेक्षा अधिक पाणी शोषतो आणि त्यातील काही संयुगे फुफ्फुसांतील पेशींना अपाय करू शकतात.

हे वय मोजता येते. एरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात कण तापलेल्या पृष्ठभागावर आदळतात, त्यांची वाफ होते व इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणूंचे तुकडे पडतात. त्यांत ४४ वस्तुमानाच्या तुकड्यांचा वाटा जितका मोठा, तितके कणांचे ऑक्सिडीकरण अधिक.

२००९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय मानकांनी १२ प्रदूषकांच्या मर्यादा ठरविल्या. पीएम २.५ कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरली. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दुर्ग-भिलाईनगराचाही समावेश झाला. परंतु ही मोजणी कणांचे वजन सांगते, त्यांचा इतिहास सांगत नाही. कण ताजे असतील, तर उगम जवळच शोधावा लागेल. ते पुष्कळ ऑक्सिडीकृत असतील, तर ते दुरून आलेले किंवा हवेतच घडलेले असण्याचा संभव मोठा. रस्त्यावर पाणी शिंपडून ते हटणार नाहीत. निदान चुकले, तर औषधही चुकते आणि त्याचे मोल सामान्य माणसाच्या श्वासाला द्यावे लागते.

हे यंत्र महाग आहे, हा आक्षेप खरा आहे. पण तो निर्णायक नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वर येथे याच जातीच्या यंत्राने नोंदी घेतल्या आहेत. भिलाईत गाळणकागदावर कण गोळा करून ते सुसज्ज प्रयोगशाळेत तपासता येतील. २०१६ पासून भिलाईत आयआयटीही आहे.

भिलाईच्या रुळांचा दर्जा केवळ वजनावर ठरत नाही. पोलादात कार्बन किती, हेही तपासावे लागते. जी कसोटी रुळाला लावली जाते, ती श्वासातल्या हवेला नाकारणे योग्य नव्हे.