एकेक मेसेज मोजू नका

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, मा. जिल्हाधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), भंडारा

विषय : महिनोनमहिने चालणाऱ्या ऑनलाइन छळाच्या तक्रारींबाबत

महोदय, महोदया,

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. कायदा किंवा संगणक हा काही माझा विषय नाही. पण अलीकडे मुली निबंधाच्या वहीबरोबर मोबाइलही पुढे करतात. ‘मॅडम, हे जरा वाचा ना.’ मी वाचते. वाचून जे साचले, ते आपल्यासमोर ठेवते आहे.

एकीचे सांगते. नाव-गाव सांगणार नाही आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेही आहेत. वैनगंगेकाठचे गाव, बी.एस्सी.चे पहिले वर्ष. शिवारात रोवणी सुरू होती, तेव्हा कोणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खाते उघडले. फोटो निरोप समारंभातला, साडीतला. खाली तिचा मोबाइल नंबर आणि ‘रात्री फोन करा’ एवढीच ओळ. त्याच रात्री फोन सुरू झाले. तिने खात्याची तक्रार केली, ते बंद झाले, आणि दोन-तीन दिवसांत नावात एक टिंब वाढवून नवे उघडले. मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट आले. धान कापून झाले, चुरणे झाले, गावोगावच्या मंडईच्या जत्रा झाल्या, तरी सुरूच. मेसेज कसले? ‘कुठं आहेस?’ ‘आज निळा ड्रेस छान दिसला.’ ‘बस चुकली ना आज?’ यातला कोणताही एक उचलून दाखवला तर घरातले हसतील.

आई तिला घेऊन एका पोलीस ठाण्यात गेली. कोणते ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या ठाण्याबद्दल नाही. तिथले हवालदार काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी मोबाइल हातात घेतला, शेवटचा मेसेज वाचला आणि म्हणाले, ‘यात तर काहीच नाही ना बाई. ब्लॉक करून टाका.’ शेवटचा मेसेज होता ‘गुड नाइट’.

माझे सगळे म्हणणे या एका प्रसंगात आहे. छळ होतो तो सलगपणाने, आणि आपली यंत्रणा मोजते एकेक मेसेज. सुटा काढला की प्रत्येक मेसेज किरकोळ ठरतो. मुलगी मात्र सगळ्यांची बेरीज घेऊन झोपायला जाते, आणि तिला झोप येत नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो. आपण कोणता ड्रेस घातला हे कोणाला कळले, म्हणून बसमधल्या प्रत्येक चेहऱ्याचा संशय येतो. वर्गात ती मागच्या बाकावर सरकते, मग तासांना दांड्या पडतात, मग प्रॅक्टिकल बुडते. शेवटी घरातले निर्णय देतात, ‘फोनच घेऊन टाका तिच्याजवळचा.’ म्हणजे छळ करणाऱ्याचा फोन त्याच्या खिशात आणि शिक्षा हिला. पुढची पायरी कॉलेज बंद आणि सोयरीक बघणे. ही वाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात कुठेही मोठा धमाका होत नाही, म्हणून ती कोणत्याच नोंदीत येत नाही.

असे लिहिणे किरकोळ धरले की न्याय केवढा होतो, हे जपानने दाखवले आहे. हाना किमुरा ही बावीस वर्षांची कुस्तीपटू. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमातल्या प्रसंगावरून तिच्यावर सोशल मीडियातून शिव्यांचा पाऊस पडला आणि मे २०२० मध्ये तिने जीव दिला. पुढे तिला लिहिणाऱ्यांपैकी ज्यांच्यावर कारवाई झाली, त्यांना दंड झाला तो ९,००० येन, म्हणजे आपले पाच-सहा हजार रुपये. कारण त्या गुन्ह्याला कायद्यातच इतकी किरकोळ शिक्षा होती. त्या देशाला लाज वाटली आणि २०२२ मध्ये अपमानाच्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली.

आपल्याकडे कायद्याची एवढी वानवा नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दुसऱ्यांदा पाच. दुसऱ्याच्या नावाने खाते चालवले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-सी आणि ६६-डी लागतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणेही येते. मुलग्यांचे मात्र हाल आहेत. कलम ७८ फक्त स्त्रियांसाठी आहे. चालण्या-बोलण्यावरून वर्षभर ‘बायल्या’ म्हणून ज्याचे व्हिडिओ फिरवले, त्या मुलाला निनावी धमकीचे कलम ३५१ किंवा बदनामीचे कलम शोधत बसावे लागते.

तर पोलीस अधीक्षक साहेब, पाठलागाचा गुन्हा मुळात मालिकेचाच आहे. तो शेवटच्या मेसेजवरून ठरवता येतच नाही. ठाण्यात अर्ज घेताना पहिली तारीख, शेवटची तारीख, एकूण खाती, एकूण नंबर आणि नकार कधी कळवला, हे पाच रकाने असलेला साधा कागद ठेवला तर हवालदाराला मोबाइल चाळत बसावे लागणार नाही आणि अर्जाची अदखलपात्र (एन.सी.) नोंद होऊन तो फायलीत जाणार नाही. अर्ज ‘चौकशीवर ठेवला’ हे उत्तरही आता अमर्याद चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीला चौदा दिवसांची मुदत आहे.

उशीर झाला की पुरावाच जातो, हे फार थोड्यांना माहीत असते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार काढून टाकलेला मजकूर किंवा बंद केलेल्या खात्याची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची असते. म्हणजे रोवणीत उघडलेले खाते लगेच बंद झाले आणि तक्रारीची दखल पुढच्या उन्हाळ्यात घेतली, तर ते कोणी उघडले हे सांगायला कंपनी बांधील राहिलेली नसते. निकालालाही असाच उशीर होतो. मुंबईत २००९ मध्ये एका नोकरदार स्त्रीने अश्लील ईमेलची तक्रार दिली. आरोपी तिचा सहकारीच निघाला. त्याला शिक्षा झाली जुलै २०१५ मध्ये, एका कलमाखाली तीन महिने आणि दुसऱ्याखाली एक महिना, आणि वृत्तपत्रांनी ती महत्त्वाची बातमी म्हणून छापली. तक्रारीपासून निकालापर्यंत सहा वर्षे, आणि तीही मुंबईसारख्या ठिकाणी.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७८ (हाही आकडा अठ्ठ्याहत्तरच, पण कायदा दुसरा) सांगते की त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ग्रामीण भागात ठाण्याचा कारभार पुष्कळदा सहायक निरीक्षकाकडे असतो. मग काय होते? ‘भंडाऱ्याला सायबरला जा.’ लाखांदूरच्या टोकाच्या गावातून भंडारा म्हणजे येण्या-जाण्यात दिवस गेला, आईची मजुरी बुडाली, मुलीचा तास बुडाला आणि घरी ‘कुठे गेल्या होत्या’ या प्रश्नाला उत्तर हवेच. खरे तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात दाखल करून पुढे पाठवता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ तेच म्हणते. ईमेलनेही माहिती देता येते, तीन दिवसांत सही करायची असते. आणि पाठलागासारख्या तक्रारीत स्त्रीचे म्हणणे महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचे आहे. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते. हे चार मुद्दे प्रत्येक ठाण्याच्या दाराशी मराठीत लावायला किती खर्च येईल?

घाई जमत नाही असे कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि पसंत केल्या म्हणून पालघरच्या दोन तरुणींना लगोलग अटक झाली होती. ती अटक चूकच होती, पुढे प्रकरण बंद करण्यात आले आणि ज्या ६६-ए कलमाचा आधार घेतला होता, तेच २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. फार चांगले झाले. ते कलम परत आणा असे मी म्हणणार नाही. कोणाला राग येईल असे लिहिण्याचा हक्क माझ्या विद्यार्थिनींनाही हवा आहे. सांगायचे एवढेच की जमाव चिडला तेव्हा यंत्रणा लगेच हलली.

आता जिच्यावर हे चालले आहे तिच्यासाठी. हे पत्र खुले आहे, तेव्हा तीही वाचत असेल.

बाई, एकदाच, एका ओळीत लिही : ‘मला संपर्क करू नका.’ त्याचा स्क्रीनशॉट घे आणि त्यानंतर एक अक्षरही लिहू नकोस. कायद्याला स्पष्ट नकार हवा असतो, तो हा. उत्तर देत राहिलीस तर तुझीच वाक्ये तुझ्यापुढे ठेवली जातील. ब्लॉक करण्याआधी पुरावा घे. नुसता फोटो पुरत नाही. तारीख-वेळ दिसली पाहिजे आणि खात्याची लिंक कॉपी करून ठेवली पाहिजे, कारण नाव बदलता येते. एक शंभर पानी वही कर. तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून, काय, आणि त्या दिवशी तू काय करू शकली नाहीस. ‘प्रॅक्टिकलला गेले नाही’ हेही लिही. छळाची लांबी पोलिसांना दिसेल ती या वहीत. मेसेज डिलीट करू नकोस, किळस आली तरी. मोबाइल विकू नका, फॉरमॅट मारू नका, हे घरच्यांनाही सांग. जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या २०२० च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतेच. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. आता ते प्रमाणपत्र साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली असते. म्हणून तो फुटक्या काचेचा मोबाइल जपून ठेव.

फोटो बिघडवून टाकले असतील तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोय आहे, अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’. फोटो तुझ्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त सांकेतिक ठसा कंपन्यांकडे जातो. पैसे मागितले तर एक रुपया देऊ नकोस. दिलेस की मागणी वाढते. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते, पण पाठपुरावा हवा असेल तर नाव देऊन कर आणि पोचक्रमांक त्याच वहीत उतरव. ठाण्यात अर्ज घेतला नाही तर तोच टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तेही कलम १७३ मध्येच आहे. आणि रात्री फार अंधारून आले तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलतात.

घरातल्या एकाला तरी सांग. बापाला सांगवत नसेल तर मावशीला. सगळ्यांत जास्त नुकसान होते ते एकटीने सोसण्यात. डिसेंबर २०२४ मध्ये अभिनेत्री प्राजक्ता माळी यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन सांगितले की दीड महिना त्या आपली बदनामी गप्प राहून सोसत होत्या. त्यांनी महिला आयोगाकडे तक्रार केली, मुख्यमंत्र्यांना भेटल्या, त्यांच्याबद्दल बोललेल्या आमदारांनी दिलगिरी व्यक्त केली. प्रसिद्ध, कमावत्या, बोलक्या बाईला बोलायला दीड महिना लागला. मोहाडीच्या मुलीला सहा महिने लागले तर ‘इतके दिवस काय करत होतीस’ असे कोणी विचारू नये, ही ठाण्यातल्या साहेबांनाही विनंती.

शिक्षणाधिकारी महोदय, आमच्याच लोकांबद्दल लिहिताना हात आखडतो, पण लिहिते. शाळेत असे काही उघड झाले की दोन्हीकडचे पालक बोलावून ‘आपसात मिटवा’ करण्याची रीत आहे. अठराच्या आतल्या मुलीबाबत पॉक्सोखालचा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे मुख्याध्यापकांच्या पुढच्या सभेत एकदा वाचून दाखवा. आणि मुलीचा मोबाइल काढून घेणे हा उपाय म्हणून पालकसभेत सुचवू नका.

स्थानिक वार्ताहर बांधवांनाही दोन शब्द. बलात्कार पीडितेची ओळख उघड करण्यास जशी कायद्याने बंदी आहे, तशी सज्ञान मुलीच्या पाठलागाच्या तक्रारीत नाही. ‘अमुक गावच्या तरुणीचे बनावट खाते’ एवढ्या बातमीतही तिचे गाव तिला ओळखते. म्हणून गावाचे नावही छापू नका.

आता मागणे. जिल्ह्यात तालुके सात. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आठवड्याचा एक ठरलेला वार असावा, बाजाराचा दिवस असला तर उत्तमच, कारण त्या दिवशी बाईला घराबाहेर पडायला कारण लागत नाही. त्या दिवशी सायबर शाखेचे कोणीतरी, सोबत महिला पोलीस, बसतील. मूळ मोबाइल पाहून पुरावा तिथेच उतरवून घेतील, प्रमाणपत्राची तजवीज करतील, आणि अर्जाच्या दिवशीच कंपनीला माहिती जपून ठेवण्याचे पत्र निघेल. त्यासाठी खोली जिल्हाधिकारी महोदयांनी तहसीलमध्ये द्यावी. ठाण्यापेक्षा तिथे बायका बिनधास्त येतात, सातबाराच्या निमित्ताने येतातच. दिवाळीनंतर मंडया सुरू होतील, नाच-गाण्याचे व्हिडिओ काढले जातील आणि त्यांच्या खाली लिहिलेही जाईल, तेव्हा हे त्याआधी व्हावे.

कोणत्या तालुक्याला कोणता वार आणि कोण अधिकारी, हे कळवावे. कॉलेजच्या फलकावर मी स्वतः लिहीन.

आपली,
भंडारा जिल्ह्यातील एक शिक्षिका