राष्ट्राचे कर्ज आणि मळ्यातील माणूस

एखादे नवस्वतंत्र राष्ट्र कर्जात बुडाले की त्याच्या दुर्दशेची चर्चा ठराविक दोन-तीन मुद्द्यांभोवती फिरू लागते. श्रीलंकेच्या बाबतीत हेच झाले. १२ एप्रिल २०२२ रोजी तेथील सरकारने परकीय कर्जाची फेड थांबवीत असल्याचे जाहीर केले. हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे कसे गेले, २०२१ साली रासायनिक खतांवर घातलेल्या बंदीने शेती कशी बसली, राष्ट्राध्यक्षांना देश सोडून कसे पळावे लागले, हे आपल्याकडील वृत्तपत्रांनी तपशीलवार सांगितले. ते खोटे नाही. परंतु या राष्ट्राच्या तिजोरीत इतकी वर्षे परकीय चलन कोणाच्या हातांनी आले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारला.

दिवाळखोरीच्या चार महिने आधीचा एक व्यवहार पाहा. इराणकडून घेतलेल्या तेलाचे सुमारे २५ कोटी १० लक्ष डॉलर श्रीलंकेकडे थकले होते. डिसेंबर २०२१ मध्ये ठरले की, दरमहा ५० लक्ष डॉलर किमतीचा चहा पाठवून हे देणे फेडावे. त्याच वर्षी, अनेक वर्षांच्या मागणीनंतर, मळ्यातील कामगाराची दिवसाची मजुरी १,००० श्रीलंकन रुपये ठरली होती. राष्ट्राचे तेलाचे देणे चहाच्या पानांनी फिटते. ती पाने खुडणाऱ्या बाईचे दुकानदाराकडील देणे मात्र फिटत नाही.

हे लोक तेथे कसे आले? ब्रिटिश मळेवाल्यांनी तामिळ मुलखातून कंगाणी नावाच्या मुकादमामार्फत त्यांना आणले. यांतील फार मोठा वर्ग गावकुसाबाहेरच्या, अस्पृश्य मानलेल्या जातींचा होता. प्रवासाचा खर्च कामगाराच्या नावावर कर्ज म्हणून लिहिला जाई आणि ते फिटल्याची ‘तुंडू’ नावाची चिठ्ठी हाती असल्याखेरीज दुसऱ्या मळ्यात काम मिळत नसे. ही पद्धत १९२१ साली कायद्याने बंद झाली. पण माणसाची हालचाल कागदाने बांधण्याची युक्ती पुढे स्वराज्याच्या सरकारनेही सोडली नाही.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी तेथे नागरिकत्वाचा कायदा झाला. केवळ तेथे जन्मणे पुरेसे नव्हते. बापाचा, किंवा आजा व पणजा या दोघांचा, जन्म त्याच भूमीत झाल्याचे दाखवावे लागे. आमच्या वाचकांना या अटीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत ज्यांनी आजोबांच्या शाळेचे उंबरठे झिजविले आहेत, त्यांना कागद नसलेल्या माणसाची स्थिती ठाऊक आहे. ज्या आजोबांना शाळेत पाऊलच टाकू दिले नाही, त्यांचा शाळेचा दाखला कोठून आणावा?

१९४७ च्या निवडणुकीत मळेकामगारांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे ७ सभासद निवडून आले होते. १९४९ साली नागरिक नसलेल्यांचा मताधिकार गेला, आणि १९५२ च्या निवडणुकीत तिचा एकही सभासद उरला नाही. तेथील राज्यघटनेच्या २९ व्या कलमाने कोणत्याही एका जमातीवर निर्बंध लादणारा कायदा करण्यास पार्लमेंटला मनाई केली होती. त्या आधारावर कोडक्कन पिल्ले यांचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९५३ साली तो फेटाळण्यात आला. आपले नागरिक कोण हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राला आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे. कायद्याच्या शब्दांत कोणत्याही जमातीचे नाव नव्हते हे खरे. पण त्याचा घाव कोणावर पडला हे तेथील शेंबड्या पोरालाही कळत होते. वकिली करताना हा निर्णय मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी माझा या शब्दपूजेवरचा राग वाढला आहे.

यानंतर प्रश्न परराष्ट्रखात्यांच्या हाती गेला. नेहरूंची भूमिका अशी की, ही माणसे सिलोनची आहेत. शास्त्रींनी ३० ऑक्टोबर १९६४ रोजी सिरिमावो बंदरनायके यांच्याशी करार केला. एकंदर ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने ठेवावीत. उरलेल्या १,५०,००० चा निकाल पुढे, १९७४ साली, अर्धेअर्धे वाटून लागला. वाटणी माणसांची होती, पण रीत भाऊबंदांनी शेत वाटून घेण्याची. मळेकामगारांच्या संघटनांचे मत विचारण्याची गरज दोन्ही सरकारांना वाटली नाही. शेजारी राष्ट्राशी सख्य राहिले, दिल्लीची आणि कोलंबोची प्रतिष्ठा राहिली. आणि जी भूमी कधी पाहिली नाही त्या ‘मायदेशी’ हजारो कुटुंबे तलाईमन्नारहून बोटीने रामेश्वरला उतरली. त्यांपैकी कित्येकांच्या नशिबी निलगिरीत पुन्हा चहाचेच मळे आले. मागे राहिलेल्यांतील अखेरच्या नागरिकत्वहीनांना हक्क देणारा कायदा २००३ साली झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ५५ वर्षांनी.

श्रीलंका हे बौद्धबहुल राष्ट्र आहे, म्हणून हे विशेष स्पष्टपणे बोलले पाहिजे. १९५० साली बाबासाहेब कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, तेव्हा नागरिकत्वाचा तो कायदा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि कँडीभोवतीच्या डोंगरांवर हीच मताधिकारहीन माणसे चहा खुडीत होती. त्या देशाविषयीचा आपला आदर खरा असेल, तर तेथील बहुसंख्याकांचा धर्म आपलाच आहे एवढ्यावरून हा अन्याय आपण झाकता कामा नये.

२०२२ च्या संकटात भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. २०२३ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जवळपास ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. करवाढ आली, विजेचे दर चढले. धनको राष्ट्रांच्या बैठकांत चीन किती सूट देणार, भारत किती देणार, याचा काथ्याकूट झाला. त्या टेबलावर मळ्यातल्या बाईची बाजू मांडणारा कोण होता? भारत सरकारने मळ्यांवर १४,००० घरे बांधण्याचे मान्य केले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र बहुतेक मळेकामगारांच्या नावावर राहत्या जागेचा सातबारा म्हणावा असा कागद आजही नाही. घर देताना जमिनीचा मालकीहक्कही त्या कुटुंबाच्या, आणि घरातील स्त्रीच्या, नावे नोंदविला जावा, अशी मागणी भारतातून कोणी केली पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेरची जागाही स्वतःची म्हणता आली नाही, त्या आमच्यापेक्षा ती अधिक अधिकाराने दुसरे कोण करणार?