बावीस हजारांचा सायलेन्सर

गेल्या महिन्यात एरंडोल मागे टाकून पारोळ्याकडे जात असता आमच्या 2007 सालच्या मारुती 800 चा आवाज एकाएकी ट्रॅक्टरासारखा झाला, आणि मागे बसलेल्या आईने डोके जड झाल्याची तक्रार केली, तेव्हाच मी गाडी उभी करावयास हवी होती. पण काचा उघडून आम्ही तसेच धुळ्यास पोहोचलो. ही माझी गंभीर चूक होय. धुराची नळी बैठकीखाली फुटली म्हणजे आवाज हा गौण मामला असतो. गाडीत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

जळगावी मिस्तरींनी गाडी वर घेतली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा सांधा उखडलेला, आतील जाळीचा चुरा झालेला आणि सायलेन्सर आतून गंजून चाळणीसारखा. लिटरभर पेट्रोल जळते तेव्हा जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी बाजारापुरतीच फिरली, म्हणजे नळी पुरती तापत नाही आणि ते पाणी आतच साचून पत्रा खाते.

खर्च 22,000 रुपये. गाडीला बाजारात 40,000 हून अधिक कोणी देणार नाही, सबब दुरुस्ती वेडेपणाची, असे स्नेह्यांचे मत पडले. मला हा हिशेब मान्य नाही. बाजारभाव विकणाऱ्याने पाहावा. ज्याला दर आठवड्यास धुळ्याला बहिणीकडे जावयाचे आहे, त्याने त्या रकमेत दुसरे कोणते विश्वासू वाहन मिळेल, हे पाहावे. आमच्या गाडीचे इंजिन निरोगी आहे. 2022 साली 5,000 रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरून नोंदणीचे नूतनीकरण केले, त्याची मुदत 2027 पर्यंत आहे. मात्र तळाचा पत्रा सडला असता, तर मी एक रुपयाही घातला नसता.

मिस्तरींनी, माझ्या भल्यासाठीच, तिसरी तजवीज सुचविली : "अण्णा, जाळीचं लफडं काढून साधा पाइप टाकू. दोन हजारांत काम होईल." मी नकार दिला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप दिलेली ती जाळी विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली, आणि शिसे तिला निकामी करते म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. तो सारा उद्योग दोन हजारांत मोडून, बांभोरीला गिरणेच्या पुलावर माझ्यामागे दुचाकीवर अडकलेल्या पोरांच्या नाकात विष सोडावयाचे, हे मला साधणारे नाही. गाडी नीट दुरुस्त करावी, नाही तर भंगारात द्यावी.

पत्रा ठोकून पाहिला. तो शाबूत निघाला. काम सोमवारी सुरू होईल. तोपर्यंत आई एस.टी.ने धुळ्याला जाईल, आणि मीही तिच्याबरोबर.